सीडीएन कॅशिंग: आधी हेडर ठरवा, मग डॅशबोर्ड उघडा

डीएनएस (साइटचं नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचं ती नोंद) बदलून साइट सीडीएनमागे, म्हणजे वाचकाजवळून उत्तरं देणाऱ्या सर्व्हरच्या जाळ्यामागे, नेली की काम झालं, असं बऱ्याच टीमना वाटतं. चित्रं आणि सीएसएस झटपट येऊ लागतात, पण मुख्य पान पूर्वीइतकंच रेंगाळतं. ओरिजिन, म्हणजे आपल्या मूळ सर्व्हरवरचा भारही जेमतेम हलका होतो. मग कोणीतरी वैतागून डॅशबोर्डवर ‘सगळं कॅश करा’ (उत्तराची प्रत साठवून तीच सगळ्यांना द्या) असा नियम टाकतं, आणि खरा धोका तिथून सुरू होतो.

२५ डिसेंबर २०१५ रोजी स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर हल्ल्याचा ट्रॅफिक आला. तो पेलण्यासाठी कॅशिंगचे नवे नियम लावले गेले. त्यातल्या एका चुकीच्या नियमामुळे लॉगिन केलेल्या लोकांची पानं कॅश झाली आणि एकाच्या खात्याचं पान दुसऱ्याला दिसू लागलं. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनेच नंतर सांगितल्याप्रमाणे सुमारे ३४ हजार वापरकर्त्यांना याची झळ बसली. खात्यात कोणी घुसलं नव्हतं. खासगी उत्तर सामाइक कॅशमध्ये जाऊन बसलं, तेवढंच पुरलं.

म्हणून या लेखातला क्रम मी मुद्दाम उलटा ठेवलाय. सीडीएन जोडण्याची पायरी बरीच पुढे येईल. आधी आपल्या अ‍ॅपचं प्रत्येक उत्तर कोणाचं आहे आणि किती वेळ खरं राहतं ते ठरवायचं. हा निर्णय अ‍ॅपच्या कोडमध्ये हेडर (उत्तरासोबत जाणारी सूचनेची ओळ) म्हणून लिहायचा आणि सीडीएनला तो फक्त पाळायला लावायचा. डॅशबोर्डवरचा नियम कोड रिव्ह्यूमध्ये कोणाच्या नजरेला पडत नाही. सहा महिन्यांनी नवा राउट (एका प्रकारचा पत्ता आणि त्याला उत्तर देणारा कोड) लिहिणाऱ्याला तो नियम आहे हेच माहीत नसतं, आणि त्याचा राउट नकळत त्या नियमात सापडतो. हेडर मात्र राउटच्या शेजारीच असतो.

वेळ नेमका कुठे जातो

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर १०,००० किलोमीटर दूर असेल तर जाऊन-येऊन एका फेरीला किमान १०० मिलिसेकंद लागणारच. केबल सरळ रेषेत टाकलेली नसते, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून जास्तच. नव्या कनेक्शनसाठी जोडणी उघडणाऱ्या टीसीपीची एक फेरी, ती कूटबद्ध करणाऱ्या टीएलएस १.३ ची एक (१.२ असेल तर दोन) आणि मग खुद्द रिक्वेस्टची एक. म्हणजे डेटाबेस शून्य वेळात उत्तर देत असला, तरी पहिला बाइट हाती पडेपर्यंत ३०० ते ४०० मिलिसेकंद गेलेले असतात. एज सर्व्हर, म्हणजे सीडीएनचा वाचकाजवळचा सर्व्हर, ५०० किलोमीटरवर असेल तर त्याच फेऱ्या १५-२० मिलिसेकंदांत उरकतात.

काहीही कॅश न करता नुसता सीडीएन लावला तरी थोडा फायदा होतो. हँडशेक (जोडणीच्या या सुरुवातीच्या फेऱ्या) जवळच्या जवळ होतो आणि एजपासून ओरिजिनपर्यंतची कनेक्शनं आधीच उघडी ठेवलेली असतात. शेवटची लांब फेरी मात्र वाचत नाही. ती वाचवायची तर उत्तर एजवर असायला हवं.

पहिलं काम: उत्तरांची यादी

आठवड्याभराचे अ‍ॅक्सेस लॉग घ्या आणि रिक्वेस्ट राउटप्रमाणे गोळा करा. साधारण वीस-पंचवीस ओळींत बहुतेक ट्रॅफिक बसतो. प्रत्येक ओळीपुढे दोन गोष्टी लिहा: हे उत्तर सगळ्यांसाठी एकच आहे की माणसागणिक बदलतं, आणि ते जुनं झालं तर किती वेळ चालून जाईल. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर डेव्हलपरने एकट्याने देऊ नये. किंमत पाच मिनिटं जुनी दिसली तर चालेल का, हे व्यवसाय सांभाळणाऱ्या माणसाला विचारा. ‘लगेच दिसायला हवं’ असं पहिलं उत्तर जवळपास नेहमी येतं. ‘एक मिनिट उशीर झाला तर काय बिघडेल?’ असं विचारलं की खरं उत्तर मिळतं.

यादी बनवताना पानांचे तुकडे वेगळे दिसू लागतात. मजकुराचं पान सगळ्यांसाठी सारखंच असतं, पण वरच्या कोपऱ्यातल्या ‘नमस्कार, अमुक’ या एका ओळीमुळे सबंध पान खासगी होऊन बसलेलं असतं. अशा ओळींवर खूण करून ठेवा, पुढे त्यांची गरज पडेल.

हेडरची भाषा

एचटीटीपी कॅशिंगचं आजचं प्रमाण आरएफसी ९१११ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या प्रमाणांचे दस्तऐवज) हे आहे. ते २०२२ साली आलं. रोजच्या कामाला त्यातले मोजके शब्द पुरतात, पण त्यातल्या एका जोडीने मी अनुभवी लोकांनाही फसताना पाहिलंय. ‘नो-कॅश’ म्हणजे साठवू नका असं नव्हे. साठवा, पण दरवेळी ओरिजिनला विचारल्याशिवाय वापरू नका, असा त्याचा अर्थ आहे. अजिबात साठवू नका यासाठी ‘नो-स्टोअर’ आहे. बँकेचं स्टेटमेंट, पासवर्ड बदलण्याचं पान, टोकन देणारा एपीआय यांना ‘नो-स्टोअर’ हवं.

‘प्रायव्हेट’ म्हणजे ब्राउझरने ठेवलं तर चालेल, सीडीएनने नाही. ‘मॅक्स-एज’ सगळ्यांना लागू होतं. ‘एस-मॅक्सएज’ फक्त सामाइक कॅशला लागू होतं आणि तिथे ते ‘मॅक्स-एज’वर मात करतं. ब्राउझरला एक मुदत आणि एजला दुसरी, ही सोय त्यातूनच मिळते. २०२२ मध्येच आलेल्या आरएफसी ९२१३ ने याच कामासाठी ‘सीडीएन-कॅश-कंट्रोल’ असा स्वतंत्र हेडर दिलाय. तुमचा सीडीएन तो ओळखत असेल तर तोच वापरा, कारण एजसाठीच्या सूचना ब्राउझरच्या सूचनांत मिसळत नाहीत.

हेडरच दिला नाही तर काय होतं? कॅश स्वतःच अंदाज बांधते. ‘लास्ट-मॉडिफाइड’पासून आजवर गेलेल्या काळाचा दहावा हिस्सा, हा नेहमीचा अंदाज. फाइल १०० दिवसांपूर्वी बदललेली असेल तर ती १० दिवस ताजी मानली जाऊ शकते. ४०४ (पान सापडलं नाही) आणि ३०१ (पत्ता कायमचा बदलला) ही उत्तरंसुद्धा हेडरशिवाय साठवायला प्रमाणाची परवानगी आहे. चुकून टाकलेला ३०१ लोकांच्या ब्राउझरमध्ये घर करून बसतो, म्हणून मी प्रत्येक ३०१ बरोबर तासाभराचा ‘मॅक्स-एज’ देतोच.

आणखी एक बारकावा जिवाला लावून घ्यावा असा आहे. रिक्वेस्टमध्ये ‘ऑथरायझेशन’ हेडर असेल तर ओरिजिनने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय सामाइक कॅशने उत्तर साठवू नये, असं प्रमाण सांगतं. कुकीला मात्र असं संरक्षण नाही. कुकीवर चालणाऱ्या लॉगिनचं उत्तर आणि सार्वजनिक उत्तर यांत प्रमाणाच्या लेखी काहीच फरक नाही. फरक तुम्ही हेडरमध्ये लिहाल तेवढाच.

म्हणून अ‍ॅपमध्ये सगळ्यात बाहेरच्या मिडलवेअरला (प्रत्येक रिक्वेस्ट आणि उत्तर ज्यातून जातं त्या कोडला) एकच नियम द्या: राउटने स्वतःहून काही सांगितलं नसेल तर उत्तरावर हे लावायचं.

कॅश-कंट्रोल: प्रायव्हेट, नो-स्टोअर

मग यादीतला एकेक राउट विचार करून मोकळा करा. विसरलेला राउट हळू राहील, पण कोणाचं खासगी पान उघडं पडणार नाही.

फ्रेमवर्क आपल्या मनानं काय लावतं तेही पाहून घ्या. पीएचपीत सेशन सुरू केलं की उत्तरावर ‘एक्स्पायर्स’ म्हणून १९ नोव्हेंबर १९८१ ही तारीख आणि सोबत ‘नो-स्टोअर’ येतं. सार्वजनिक पान का कॅश होत नाही हे शोधताना ही तारीख दिसली, तर कुठेतरी विनाकारण सेशन सुरू होतंय असं समजा. रेल्स बहुतेक उत्तरांना स्वतःहून ‘प्रायव्हेट’ लावतं. जँगोत सेशनला नुसता हात लावला तरी ‘व्हेरी: कुकी’ जोडलं जातं.

हॅश असलेल्या फाइली, आणि एक रात्र

बिल्ड करताना व्हीट किंवा वेबपॅकसारखं साधन फाइलच्या नावात मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेला छोटा कोड) घालतं. मजकूर बदलला की नाव बदलतं, त्यामुळे त्या नावामागचं उत्तर कधीच खोटं ठरत नाही. अशा फाइलींना बिनधास्त वर्षभराची मुदत द्यावी:

कॅश-कंट्रोल: पब्लिक, मॅक्स-एज=३१५३६०००, इम्युटेबल

‘इम्युटेबल’मुळे, ज्या ब्राउझरना ते समजतं ते रिफ्रेश दाबल्यावरही ओरिजिनला विचारायला जात नाहीत. सगळ्या लेखात ही पायरी सर्वांत सोपी वाटते. मला मात्र तिनेच सगळ्यात जास्त रडवलंय.

एका प्रोजेक्टवर लोड बॅलन्सरमागे (रिक्वेस्ट वाटून देणाऱ्या यंत्रणेमागे) आमचे दोन सर्व्हर होते आणि डिप्लॉय एकामागून एक होत असे. पहिल्यावर नवं बिल्ड चढलं, दुसऱ्यावर अजून जुनंच होतं. एका ब्राउझरला पहिल्या सर्व्हरकडून नवं एचटीएमएल मिळालं. त्यात नव्या हॅशची जावास्क्रिप्ट फाइल मागितली होती. ती रिक्वेस्ट गेली दुसऱ्या सर्व्हरकडे. तिथे ती फाइल नव्हती, पण सिंगल पेज अ‍ॅपसाठी ‘फाइल सापडली नाही तर इंडेक्स पान द्या’ असा नियम होता. सर्व्हरने २०० (सगळं ठीक) या कोडसह इंडेक्स पान दिलं. पाथ अ‍ॅसेट फोल्डरचा होता, म्हणून त्यावर वर्षभराचा हेडरही चढला. एजने ते उत्तर प्रामाणिकपणे साठवलं.

त्यानंतर त्या एजवर आलेल्या प्रत्येकाला जावास्क्रिप्टच्या नावाखाली एचटीएमएल मिळू लागलं. पान पांढरंफटक, आणि कन्सोलमध्ये पहिल्याच ओळीवर ‘<’ हे चिन्ह अनपेक्षित असल्याची तक्रार. प्रत्येक एज लोकेशनची कॅश वेगळी असते, त्यामुळे आमच्या मशीनवर सगळं व्यवस्थित चालत होतं आणि तक्रारी एकाच भागातून येत होत्या. दोन तास आम्ही कोडमध्ये चूक शोधत बसलो. शेवटी त्या भागातल्या एकाने ती फाइल थेट टॅबमध्ये उघडली आणि तिथे आमचं मुखपृष्ठच उघडलं, तेव्हा उलगडा झाला. पर्ज करून, म्हणजे साठवलेली प्रत पुसून, एज साफ झाला, पण लोकांच्या ब्राउझरमध्ये तीच फाइल वर्षभराच्या मुदतीने बसली होती आणि तिथे आमचा हात पोहोचत नव्हता. फाइलमध्ये किरकोळ बदल करून नवा हॅश बनवला, तेव्हा कुठे सुटका झाली. एचटीएमएलची मुदत कमी होती म्हणून निदान ती वाट तरी शिल्लक होती.

त्या रात्रीनंतर हे नियम मी कधी मोडलेले नाहीत. नव्या अ‍ॅसेट फाइली सगळीकडे पोहोचल्यावरच नवं एचटीएमएल वर चढवायचं. शक्य असेल तर अ‍ॅसेट अ‍ॅपच्या सर्व्हरवर ठेवायच्याच नाहीत, सामाइक ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये ठेवायच्या. जुन्या बिल्डच्या फाइली काही आठवडे पुसायच्या नाहीत, कारण कोणाच्या तरी टॅबमध्ये कालचं पान अजून उघडं असतं. अ‍ॅसेट फोल्डरला इंडेक्सचा नियम लागू करायचा नाही, फाइल नसेल तर सरळ ४०४ द्यायचा. आणि वर्षभराचा हेडर फक्त २०० ला द्यायचा, ४०४ ला ‘नो-स्टोअर’. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये हेडर जोडण्याच्या ओळीला ‘ऑलवेज’ हा शब्द लावला तर तो चुकीच्या उत्तरांवरही चढतो, तो इथे लावू नका.

नावात हॅश नसलेल्या फाइली, म्हणजे फॅव्हिकॉन, रोबोट्स फाइल, मॅनिफेस्ट, यांना तासाभराची मुदत पुरे. सर्व्हिस वर्करच्या (ब्राउझरमध्ये मागे चालणाऱ्या स्क्रिप्टच्या) फाइलला ‘नो-कॅश’ द्या.

एचटीएमएल: इथेच खरी कमाई

सार्वजनिक पानांसाठी माझी सुरुवात अशी असते:

कॅश-कंट्रोल: पब्लिक, मॅक्स-एज=०, मस्ट-रिव्हॅलिडेट
सीडीएन-कॅश-कंट्रोल: मॅक्स-एज=६०, स्टेल-व्हाइल-रिव्हॅलिडेट=६००

ब्राउझर दरवेळी एजला विचारतो, एज एक मिनिट स्वतःच उत्तर देतो. मिनिट उलटलं की पुढची दहा मिनिटं येणाऱ्याला जुनंच पान लगेच मिळतं आणि मागच्या मागे नवं आणलं जातं. वाट कोणालाच पाहावी लागत नाही. ‘स्टेल-व्हाइल-रिव्हॅलिडेट’ नेहमीच्या कॅश-कंट्रोलमध्ये लिहिलं तर ते समजणारे ब्राउझरही ते पाळतात आणि स्वतःकडचं जुनं पान दाखवतात. म्हणून ते वेगळ्या हेडरमध्ये ठेवलंय. सोबत ‘ईटॅग’ (मजकुराची आवृत्ती ओळखणारी खूण) असेल तर पान बदललं नसताना ब्राउझरला नुसतं ३०४ मिळतं, मजकूर पुन्हा उतरवावा लागत नाही. एकाहून जास्त सर्व्हर असतील तर सगळ्यांचा ‘ईटॅग’ सारखाच येतोय ना ते पाहा. तो मजकुरावरून बनवलेला असावा.

एक मिनिट फार वाटत असेल तर एक सेकंद ठेवा. पानाला सेकंदाला ५०० रिक्वेस्ट येत असतील, तर एक सेकंदाच्या कॅशनेही प्रत्येक एजमागे ओरिजिनकडे सेकंदाला सुमारे एकच रिक्वेस्ट जाते. मोठा भार एकाएकी अंगावर येणार असेल तेव्हा याच्याइतका स्वस्त उपाय मला दुसरा माहीत नाही.

आता यादीतल्या खूण केलेल्या त्या ओळी हाती घ्या. ‘नमस्कार, अमुक’ ही ओळ, कार्टचा आकडा, सूचनांची घंटी हे सगळं पानातून काढून एका छोट्या एपीआयवर न्या. पान उघडल्यावर ब्राउझर तो बोलावेल. त्या एपीआयला ‘प्रायव्हेट, नो-स्टोअर’. त्या जागेची रुंदी आधीच राखून ठेवा, नाहीतर नाव आल्यावर सबंध पट्टी उडी मारते.

सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच पानावरून आलाय याची खात्री करणारी गुप्त खूण) ही इथली नेहमीची ठेच. फॉर्म असलेलं पान कॅश झालं की एकाचं टोकन सगळ्यांना जातं आणि फॉर्म भरणाऱ्याला नकार मिळतो. लाराव्हेल फ्रेमवर्कमध्ये तो ४१९ या कोडने दिसतो. टोकनही त्याच छोट्या एपीआयवरून आणा, किंवा फॉर्मचं पान कॅशमधून वगळा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ‘सेट-कुकी’. सार्वजनिक पानाच्या उत्तरात हा हेडर असेल तर काही सीडीएन ते कॅश करायला नकार देतात, आणि काही कुकीसकट साठवतात. पहिल्या प्रकारात फक्त वेग जातो. दुसऱ्या प्रकारात एका माणसाची सेशन कुकी पुढच्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये जाते. सार्वजनिक राउटवरून सेशनचं मिडलवेअर काढून टाका, आणि तरीही ‘सेट-कुकी’ आलाच तर उत्तर ‘नो-स्टोअर’ करणारी तपासणी सगळ्यात बाहेर ठेवा. एवढी एक तपासणी लिहायला दहा ओळी लागतात आणि ती प्रत्येक अ‍ॅपमध्ये असायलाच हवी.

कॅश की: कोणती रिक्वेस्ट कोणासारखी

एज साठवलेलं उत्तर एका कीखाली ठेवतो. सहसा ती होस्ट, पाथ आणि क्वेरी (पत्त्यातला प्रश्नचिन्हापुढचा भाग) मिळून बनते. जाहिरातींतून येणाऱ्या लिंकला यूटीएम, जीक्लिड, एफबीक्लिड असे, क्लिक कुठून आला ते सांगणारे शेपूट लागलेले असतात, आणि क्लिकसोबत येणारा आयडी दर वेळी नवा असतो. म्हणजे ज्या दिवशी जाहिरात चालू होऊन गर्दी येते, नेमक्या त्याच दिवशी कॅश निकामी होते. एचटीएमएलच्या राउटसाठी मी उलट्या बाजूने जातो: पान, क्रम, शोध असे जे पॅरामीटर अ‍ॅप खरोखर वापरतं तेवढेच कीमध्ये घ्यायचे, बाकी सोडायचे. एपीआयच्या राउटसाठी मात्र पूर्ण क्वेरी राहू द्या, तिथे एखादा पॅरामीटर विसरणं महागात पडतं.

एक अट कडक पाळा. जे कीमध्ये नाही त्यावरून अ‍ॅपचं उत्तर बदलता कामा नये. ‘एक्स-फॉरवर्डेड-होस्ट’ हेडर पाहून पानातल्या लिंक बनवणारं अ‍ॅप घ्या. हल्लेखोर त्यात स्वतःचं डोमेन घालून एक रिक्वेस्ट पाठवतो. उत्तर नेहमीच्या कीखाली साठतं आणि ते विषारी पान सगळ्यांना मिळतं. सुरक्षा संशोधक जेम्स केटल यांनी २०१८ मध्ये या प्रकारच्या हल्ल्यांची सविस्तर मांडणी केली. त्याआधी २०१७ मध्ये ओमर गिल या संशोधकाने उलट्या दिशेचा हल्ला दाखवला होता. खात्याच्या पानाच्या पत्त्यापुढे नसलेल्या सीएसएस फाइलचं नाव जोडायचं आणि ती लिंक लॉगिन केलेल्या माणसाला उघडायला लावायची. अ‍ॅप शेपूट सोडून देऊन खात्याचं पान देतं, आणि सीडीएन पत्त्याचा शेवट पाहून ते स्थिर फाइल म्हणून साठवतं. मग हल्लेखोर तोच पत्ता उघडतो. ‘शेवटी सीएसएस असेल तर कॅश करा, हेडर काहीही असो’ असा नियम डॅशबोर्डवर टाकू नका असं मी म्हणतो ते यामुळे.

‘व्हेरी’ हा हेडर कीमध्ये भर घालतो. ‘अ‍ॅक्सेप्ट-एन्कोडिंग’ ठीक आहे. ‘युझर-एजंट’ लावलं तर हजारो वेगवेगळ्या प्रती होतील आणि हिट (कॅशमधून मिळालेलं उत्तर) जवळपास मिळणारच नाही. भाषेनुसार पान बदलत असेल तर भाषा पत्त्यातच ठेवा. फॉन्ट किंवा एपीआय वेगवेगळ्या डोमेनवरून बोलावले जात असतील आणि उत्तरात त्या डोमेनचं नाव परत जात असेल, तर ‘व्हेरी: ओरिजिन’ विसरू नका. सगळे सीडीएन ‘व्हेरी’ पूर्णपणे पाळत नाहीत, तेव्हा आपल्या सीडीएनची माहितीपत्रकं या एका मुद्द्यासाठी तरी वाचाच.

आता जोडणी

हा भाग अर्ध्या दिवसाचा. आदल्या दिवशी डीएनएसचा टीटीएल (जुनी नोंद किती वेळ वापरली जाते ती मुदत) ३०० सेकंदांवर आणा, म्हणजे मागे फिरायची वेळ आली तर पाच-दहा मिनिटांत फिरता येईल. एज आणि ओरिजिन यांच्यातही टीएलएस ठेवा आणि प्रमाणपत्र तपासायला लावा. एज ओरिजिनशी साध्या एचटीटीपीवर बोलत असेल आणि ओरिजिन प्रत्येकाला एचटीटीपीएसकडे वळवत असेल, तर साइट रीडायरेक्टच्या चक्रात अडकते.

सीडीएन आल्यावर अ‍ॅपला प्रत्येक रिक्वेस्ट एजच्या आयपीवरून आल्यासारखी दिसते. रेट लिमिट (एकाकडून किती रिक्वेस्ट घ्यायच्या ती मर्यादा) आयपीवर चालत असेल तर पहिल्याच तासात ते खऱ्या लोकांना अडवायला लागेल. खरा आयपी सीडीएनच्या हेडरमधून घ्या, पण तो हेडर फक्त सीडीएनकडून आलेल्या रिक्वेस्टवरच खरा माना. त्यासाठी ओरिजिनला कुलूप हवं: फायरवॉलमध्ये फक्त सीडीएनच्या आयपी रेंज, आणि शक्य असेल तर दोन्ही बाजूंनी प्रमाणपत्राची तपासणी. डॅशबोर्डवर कॅशचा नियम एकच असू द्या: ‘ओरिजिनचे हेडर पाळा’. एचटीएमएल कॅश करायला काही सीडीएनना वेगळी परवानगी लागते. क्लाउडफ्लेअर, उदाहरणार्थ, स्वतःहून फक्त ठरावीक प्रकारच्या फाइली कॅश करतं. तिथे परवानगी द्या, पण मुदत ओरिजिनकडूनच घ्यायला सांगा.

डोळ्यांनी पाहा

टर्मिनलवरून कर्ल या साधनाने पान मागवा आणि उत्तराचे हेडर वाचा. हेड (फक्त हेडर मागवणारी) नव्हे, गेट रिक्वेस्ट वापरा, कारण काही अ‍ॅप हेडला वेगळं उत्तर देतात. एकच पत्ता तीनदा मागवा. पहिल्यांदा मिस (कॅशमध्ये सापडलं नाही), मग हिट दिसायला हवं, आणि ‘एज’ (Age, उत्तराचं वय; एज सर्व्हरशी याचा संबंध नाही) नावाच्या हेडरमधला सेकंदांचा आकडा वाढत जायला हवा. आकडा शून्यावरच अडकला असेल तर कॅश होत नाही. क्लाउडफ्लेअरवर ‘सीएफ-कॅश-स्टेटस’मध्ये ‘डायनॅमिक’ दिसलं तर सीडीएनने त्या उत्तराला कॅशलायक मानलेलंच नाही. ‘बायपास’ दिसलं तर आधी हेडर किंवा कुकी तपासा.

दुसरी चाचणी दोन खात्यांची. पहिल्या खात्याच्या कुकीने यादीतला प्रत्येक राउट उघडा, लगेच दुसऱ्या खात्याच्या कुकीने, मग कुकीशिवाय. कोणत्याही उत्तरात दुसऱ्याचं नाव किंवा ईमेल सापडलं तर बिल्ड थांबायला हवं. ही चाचणी हाताने एकदा करून सोडू नका, प्रत्येक डिप्लॉयनंतर आपोआप चालू द्या. सगळी तपासणी एकाच एजवरून व्हायला हवी, नाहीतर दोन रिक्वेस्ट दोन वेगळ्या कॅशकडे जातील आणि खोटा दिलासा मिळेल.

पर्ज

मजकूर बदलला की तेवढाच पुसता यावा यासाठी टॅग वापरा. फास्टली या सीडीएनवर ‘सरोगेट-की’, क्लाउडफ्लेअरवर ‘कॅश-टॅग’. लेख क्रमांक ४२ जिथे जिथे दिसतो, म्हणजे त्याचं पान, यादी, मुखपृष्ठ, त्या प्रत्येक उत्तरावर त्याचा टॅग लावायचा. लेख बदलला की एक टॅग पुसायचा. असं जमलं की एजवरची मुदत मिनिटाऐवजी दिवसभराची ठेवता येते.

पर्ज डेटाबेसचा व्यवहार पूर्ण झाल्यावरच करा. आधी केलात तर मधल्या क्षणी आलेली रिक्वेस्ट जुनाच मजकूर पुन्हा एजवर नेऊन ठेवते, आणि आता तो दिवसभर तिथेच राहणार. वाचनासाठी रेप्लिका (डेटाबेसची थोडी मागून येणारी प्रत) असेल तर ती मागे असण्याचाही हाच परिणाम होतो. मी पर्ज दोनदा करतो, एकदा लगेच आणि एकदा रेप्लिका नक्की पुढे आली असेल एवढा वेळ थांबून. डिप्लॉयच्या स्क्रिप्टमध्ये ‘सगळं पुसा’ ही ओळ मात्र ठेवू नका. भर गर्दीत सगळी कॅश रिकामी झाली की ओरिजिन एकदम उघडा पडतो.

ओरिजिन आडवा झाला तर

‘स्टेल-इफ-एरर=८६४००’ लिहिलंत तर ओरिजिन ५०० देत असताना एज दिवसभर जुनं पान देत राहू शकतो. वाचकाला बिघाड कळतही नाही. हे आणि ‘स्टेल-व्हाइल-रिव्हॅलिडेट’ दोन्ही २०१० च्या आरएफसी ५८६१ मधले आहेत, पण सगळे सीडीएन ते सारखेच पाळत नाहीत. स्टेजिंगवर (चाचणीच्या साइटवर) ओरिजिन मुद्दाम बंद करून पाहा.

गर्दीच्या पानाची मुदत संपली की एकाच क्षणी शेकडो रिक्वेस्ट ओरिजिनकडे धावतात. सीडीएनमध्ये रिक्वेस्ट एकत्र करण्याची सोय असेल तर चालू ठेवा. एज लोकेशन पुष्कळ असतील तर मधे एक शील्ड ठेवा, म्हणजे सगळे एज आधी शील्डला विचारतील आणि ओरिजिनला एकच जण. सीडीएन स्वतःही पडू शकतो. ८ जून २०२१ ला फास्टलीच्या नेटवर्कचा ८५ टक्के भाग एका सुप्त बगमुळे एरर देऊ लागला होता. त्यांनी ४९ मिनिटांत ९५ टक्के नेटवर्क पूर्ववत केलं. अशा वेळी डीएनएस कुठे वळवायचा आणि ओरिजिनचं कुलूप कोण उघडणार, हे कागदावर आधीच लिहिलेलं असावं.

काय मोजायचं

हिट रेशो (एकूण रिक्वेस्टपैकी कॅशमधून भागलेल्यांचं प्रमाण) ९० वरून ९५ टक्क्यांवर गेला तर पाचच टक्क्यांची भर वाटते, पण ओरिजिनकडे १०० पैकी १० ऐवजी ५ रिक्वेस्ट जाऊ लागतात, म्हणजे भार निम्मा होतो. सगळ्या साइटचा मिळून एकच आकडा पाहू नका. चित्रांचे ढिगभर हिट एचटीएमएलचे मिस झाकून टाकतात. राउटप्रमाणे वेगळा आकडा काढा, आणि दर आठवड्याला सगळ्यात जास्त मिस देणारे दहा पत्ते उघडून हेडर वाचा. बहुतेकदा कारण तीनच निघतात: कोणीतरी नवी कुकी लावली, क्वेरीत नवं शेपूट आलं, किंवा नव्या राउटला हेडरच दिलेला नाही.

राउट मोकळे करताना आधी हॅश असलेल्या फाइली, मग लॉगिन नसलेली स्थिर पानं, मग याद्या, आणि शोध सगळ्यात शेवटी. दोन राउटमध्ये किमान एक पूर्ण दिवस जाऊ द्या. दोन बदल एकाच दिवशी गेले आणि तक्रार आली, तर कोणता मागे घ्यायचा ते कळत नाही.